पहिलीच एकट्याची सहल आणि थेट बीर-बिलिंग : जावं की टाळावं?

वाराखूण (धागाकर्ता)

पहिल्यांदाच एकट्याने कुठे जाऊ, असं कुणी विचारलं की हल्ली हमखास एक नाव पुढे येतं : बीर. हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातलं, धौलाधारच्या पायथ्याचं गाव. वर १४ किलोमीटरवर बिलिंग. तिथून टँडम पॅराग्लायडिंग, म्हणजे पायलटसोबत जोडीने उडायचं आणि खाली बीरमधल्या क्योरच्या मैदानावर उतरायचं. माझ्या मते पहिल्या एकट्या सहलीला हे गाव चांगलंच आहे. फसतो तो बेत.

नेहमीचा बेत असा असतो : शुक्रवारी संध्याकाळी दिल्लीहून बस, शनिवारी सकाळी बीर, दहा-साडेदहाला बिलिंग, रविवारी रात्री परत. दहा-बारा तास बसमध्ये अवघडून बसायचं, घाटाच्या वळणांनी पोट ढवळलेलं, झोप अर्धवट, आणि तेच पोट घेऊन २,४०० मीटरवरून हवेत! मग उलटी झाली की दोष उंचीला.

त्यापेक्षा तीन मुक्काम ठेवा. पहिल्या दिवशी उडायचंच नाही. तिबेटी वसाहत, चोकलिंग मठ पायी होतं. दुपारी लँडिंगच्या मैदानाच्या कडेला तासभर बसा. कोणता पायलट प्रवाशाला अलगद उतरवतो आणि कोण बुडावर आपटवतो, हे तिथे फुकटात दिसतं. दुसरा दिवस उड्डाणाचा. तिसरा राखीव, कारण वारा तुमचं परतीचं तिकीट बघून वाहत नाही. राखीव दिवस नसला की ‘आज नको’ म्हणायला प्रवासी तयार नसतो आणि धंदा बुडेल म्हणून पायलटही नसतो.

आता वादाचा मुद्दा. टेक-ऑफवर ऐन वेळी नकार द्यायला एकटा माणूस जास्त मोकळा असतो. ग्रुपमधले चौघे उडाले की पाचवा लाजेकाजेस्तव उडतो. एकट्याला लाज कुणाची?

कडेलोट_नको

साफ असहमत. लाज नसते, पण साक्षीदारही नसतो.

टेक-ऑफवर काय चालतं ते बघा. गाडीतून उतरून पाच-दहा मिनिटं होतात न होतात तोच हेल्मेट डोक्यावर येतं. दोघे जण पट्टे आवळत असतात, मागे विंग (पॅराग्लायडरचं कापडी छत) पसरलेली, पुढचा प्रवासी उडालासुद्धा, ‘चलो चलो, हवा अच्छी है’ सुरू. पैसे आधीच भरलेले. ज्याने आयुष्यात हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे आणि सीट) पाहिलेला नाही त्याने, तेही एकट्याने, या घाईत ‘थांबा’ म्हणायचं? सोबत कुणी असेल तर निदान ‘अहो, तिच्या पायाचा पट्टा बघा’ म्हणणारा एक डोळा तरी असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुलूच्या डोभीला टँडममधून एक पर्यटक महिला हवेतून खाली पडून दगावली. पट्टे नीट तपासले नव्हते, अशा बातम्या होत्या आणि पायलटला अटकही झाली.

पहिल्या एकट्या सहलीत बस चुकणं, खोली न आवडणं, नको त्या माणसाला टाळणं एवढं शिकलं तरी पुष्कळ. ते हंपीला शिका, वेरूळला शिका. उडायची हौस असेल तर कामशेत आहेच की. दोन गोष्टी एकाच वेळी पहिल्यांदा कशाला करायच्या?

थर्मलदास

घाई असते हे खरं. पण पट्टे तपासायला पायलट असावं लागत नाही. सहा जागा आहेत : दोन मांड्यांचे पट्टे, एक छातीचा, खांद्यापाशी दोन कॅराबिनर (लॉक होणाऱ्या धातूच्या कड्या) आणि हनुवटीचा पट्टा. काही हार्नेसमध्ये छातीचं आणि मांड्यांचं बकल एकमेकांत गुंतवलेलं असतं, म्हणजे एक विसरलं तर दुसरं लागतच नाही. तरीही प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघायचा. ‘टक्’ ऐकू आलं यावर भागवू नका. जॅकेटची कड किंवा खडा मध्ये आला की बकल अर्धवट बसतं आणि दिसायला लागल्यासारखंच दिसतं. कॅराबिनर प्रवाशाचा हार्नेस स्प्रेडर बारला (प्रवासी आणि पायलट दोघांना विंगशी जोडणाऱ्या भागाला) जोडतात, त्यांचं लॉक पूर्ण फिरलेलं हवं.

मांड्यांचा पट्टा सुटा राहिला तर टेक-ऑफसाठी उतारावरून धावताना काहीच कळत नाही, हीच त्यातली गोम. वजन पायांवर असतं ना! जमीन सुटली की माणूस काखेतून खाली सरकतो, आणि तोवर परतायची सोय संपलेली असते. म्हणून तपासणी उभ्यानेच, पायलटने ‘रेडी?’ विचारायच्या आधी. दहा सेकंद लागतात.

जास्त इजा होतात त्या धावण्यात. विंग डोक्यावर चढताना मागे जोरात ओढ बसते. नवखा नेमका तेव्हा थबकतो, किंवा पाय उचलून सीटमध्ये बसून घेतो. मग दोघांचं वजन पायलटच्या दोन पायांवर येतं, वेग मरतो आणि जोडी उतारावर घसरते. घोटे मोडतात ते इथे. ओढ बसली तरी पुढे झुकून धावत राहायचं, पाय हवेत गेले तरी धावायचं, ‘बैठो’ म्हणेपर्यंत. हात खांद्याच्या पट्ट्यांवर, वरच्या दोऱ्यांना किंवा रायझरला (दोऱ्या हार्नेसशी जोडणाऱ्या पट्ट्यांना) लावायचे नाहीत. उतरताना पाय वर घ्यायचे की उभं राहायचं, हे आधीच विचारून ठेवा. प्रत्येक पायलटची पद्धत वेगळी असते.

कामशेतबद्दल : तिथे टेकडी बुटकी, वारा टेकडीवर आपटून वर वळतो आणि विंग त्या पट्ट्यात येरझाऱ्या घालते. बिलिंगला उन्हाने तापलेल्या उतारावरून थर्मल (वर चढणाऱ्या गरम हवेचे झोत) सुटतात, त्यात शिरताना आणि बाहेर पडताना धक्के बसतात. ही हवाच वेगळी. कामशेतला उडून बीरची रंगीत तालीम होत नाही.

निळी_ओढणी

सगळे हवेतच अडकलात, जरा जमिनीवर या. एकटं जाणाऱ्याला, आणि विशेषतः एकट्या बाईला, अडचणी वेगळ्याच येतात.

बॅग. उडता बिलिंगहून, उतरता बीरला. वर नेलेली बॅग गाडीतून कधी आणि कुणाच्या हाती खाली येईल ते गाडीवाल्यावर. ग्रुपमध्ये कुणी तरी सांभाळतं, एकटीचं कोण सांभाळणार? खोलीवरच ठेवा. वर जाताना फोन चेन असलेल्या खिशात, थोडी रोकड, ओळखपत्र, बास. घोटा झाकणारे बूट, पूर्ण पँट, वारा अडवणारं जॅकेट. बिलिंग बीरपेक्षा सहा-सात अंशांनी गार असतं, वर वारा. ओढणी, स्कार्फ, गळ्यातला कॅमेरा खाली.

हार्नेस. टँडममध्ये प्रवासी पुढे आणि पायलट पाठीला लागून मागे असतो. मांड्यांचे पट्टे अनोळखी पुरुषाने लावणं नको असेल तर ‘मैं खुद लगाऊँगी, आप चेक कीजिए’ असं सरळ म्हणावं. यात वावगं काही नाही, आणि पट्टे कुठे आहेत हे आपोआप कळतं ते वेगळंच.

फॉर्म. सही करायच्या कागदावर आणीबाणीचा नंबर मागतात. तिथे स्वतःचाच दुसरा नंबर लिहिणारे महाभाग असतात. घरचा एक आणि राहत्या ठिकाणचा एक लिहा, कागदाचा फोटो काढून घरी पाठवा. आणि तोही वर जायच्या आधी, बीरमध्येच.

पोहोचणं. काही बसेस गावात येतच नाहीत, पठाणकोट-मंडी महामार्गावर बीर रोडच्या फाट्यावर सोडतात. तिकीट काढतानाच विचारा, आणि उजेडात पोहोचेल अशीच बस घ्या. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने पठाणकोट कँट गाठणार असाल तर तिथून पुढे रस्त्याने आणखी चार-पाच तास धरा.

कडेलोट_नको

@थर्मलदास, सहा जागांची यादी उत्तम. पण ती माहीत असणं वेगळं आणि तीन माणसं घाई करत असताना हात वर करून तपासणं वेगळं. शिवाय जे प्रवाशाला दिसतच नाही त्याचं काय? रिझर्व्ह पॅराशूट शेवटचं कधी उघडून घडी केलं, विंगचं कापड किती उन्हात जळलंय, दोऱ्या कधी बदलल्या? हिमाचलचे एअरो स्पोर्ट्स नियम २००४ पासून आहेत, ऑपरेटर आणि पायलटची पर्यटन विभागाकडे नोंदणी लागते. ठीक. पण कार्डावर नाव एकाचं आणि वर उडवणारा दुसराच, असं झालं तर पहिल्यांदाच आलेल्याला ओळखू येईल का?

थर्मलदास

येईल, बुकिंगच्या वेळी पायलटचं नाव घेतलं तर. आदल्या संध्याकाळी ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचारायच्या. उद्या कोण उडवणार आणि त्याचं टँडमचं लायसन्स. रिझर्व्ह टँडमच्या वजनाचं आहे का आणि रिपॅकची (पुन्हा घडी केल्याची) तारीख. वर्षाच्या आत हवी. तुमचं वजन त्या विंगच्या मर्यादेत बसतं का, आणि हे त्यांनी स्वतःहून विचारलं की नाही. ज्याने वजन विचारलं नाही, तिथून उठावं. वर गेल्यावर माणूस बदललेला दिसला तर तेही कारण पुरेसं.

फसवणूक ओळखायचं एक सोपं गणितही आहे. टेक-ऑफ आणि लँडिंगमध्ये उंचीचा फरक साधारण हजार मीटर. शांत हवेत टँडम सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास खाली येतं. हजार भागिले सव्वा, म्हणजे आठशे सेकंद, म्हणजे तेरा-चौदा मिनिटं. यापुढचं सगळं थर्मलच्या मर्जीवर. सकाळी लवकरच्या उड्डाणाला ‘तीस मिनिटं गॅरंटी’ सांगणारा सरळ सरळ थापा मारतोय. अगदी भल्या सकाळी तर डोंगरावरची गार हवा खाली वाहत असते, म्हणजे टेक-ऑफवर वारा पाठीमागून. उतार तापून वारा समोरून यायला लागेपर्यंत थांबणाराच शहाणा. आणि जास्तीचे पैसे घेऊन ‘स्टंट’ विचारतील, गोल गरगरा खाली येण्याचे. पहिल्या उड्डाणाला नाही म्हणा.

उगाचच

२०१५ ला पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झाला होता म्हणे तिथे. म्हणजे सुरक्षितच असणार की.

थर्मलदास

@उगाचच, वर्ल्ड कप झाला तो तिथली थर्मल दमदार आणि पर्वतरांग लांबलचक आहे म्हणून. टँडमवाल्याच्या बकलाशी त्याचा संबंध नाही. उलट त्याच दमदार हवेत रांगेच्या आत खोल गेलेले परदेशी सोलो पायलट २०२३ आणि २०२४ च्या शरद हंगामात दगावले आहेत. त्यांची जोखीम वेगळी आणि टँडम प्रवाशाची वेगळी, बातम्या वाचताना दोन्हींची मिसळ होते एवढंच.

हिशेबी

पैशाचं थोडक्यात. उड्डाण साधारण अडीच ते साडेतीन हजार, हंगामाप्रमाणे. व्हिडिओचे वेगळे. राहत्या ठिकाणाहून बुक केलं तर बहुतेकदा त्यांचं कमिशन त्यात असतं, थेट ऑफिसात घासाघीस होते. पण दोनशे रुपये वाचवायला नोंदणी नसलेला गाठू नका.

विमा मात्र कुणीच काढला नाही, बोलण्यातही नाही! साध्या अपघात पॉलिसीत हवाई खेळ वगळलेले असतात. विमानकंपनीचा तिकीटधारी प्रवासी सोडून बाकी उडणं त्यात धरत नाहीत. साहसी खेळ स्पष्ट लिहिलेली पॉलिसी निघण्याआधी घ्या. ऑपरेटरचा विमा असतो, पण रक्कम आणि मुदत कागदावर बघा. लागलंच तर बैजनाथ आणि पालमपूरला सरकारी दवाखाने आहेत, मोठं रुग्णालय टांड्याचं मेडिकल कॉलेज, ते रस्त्याने साठेक किलोमीटर. एकट्या माणसाचं हाड मोडलं तर तिथवर सोबत कोण जाणार, हा प्रश्न कडेलोट यांच्या बाजूचा आहे.

वाराखूण

@कडेलोट_नको, घाईचा मुद्दा मान्य. म्हणूनच नकार टेक-ऑफवर सुचण्याची वाट बघायची नाही, आदल्या रात्रीच अटी ठरवायच्या. पायलट बदलला, सहा जागा तपासू दिल्या नाहीत, किंवा वाऱ्याची दिशा दाखवणारा झेंडा पाठीमागून वारा दाखवत असताना धावायला सांगितलं, तर उडायचं नाही. तिथे विचार करायचाच नाही, नुसतं बघायचं. हे एकट्यालाच जमतं. ग्रुपमध्ये अटींवर मतदान सुरू होतं.

कडेलोट_नको

आणि भरलेले पैसे? साडेतीन हजार आधी दिलेला विद्यार्थी झेंडा बघून परत फिरेल, असं तुम्हाला खरंच वाटतं?

निळी_ओढणी

आधी फक्त थोडी रक्कम, बाकी उतरल्यावर. बुकिंगच्याच वेळी व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं : हवामानाने रद्द झालं तर पूर्ण परत, प्रवाशाने वर नकार दिला तर गाडीचं भाडं कापून बाकी परत. भाड्याचा आकडाही लिहून घ्यायचा. जे लिहून द्यायला कां-कूं करतात त्यांच्याकडे मुळात जायचंच नाही.

कडेलोट_नको

असं लिहून देणारा भेटला, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपुरता माझा विरोध मागे. एप्रिल-मेमध्ये पहिलटकराने जाऊ नये यावर ठाम आहे.

थर्मलदास

एप्रिल-मेबद्दल सहमत, दुपारचं तर नकोच. तेव्हा ऊन कडक, थर्मल आडदांड, आणि दुपारनंतर ढग बघता बघता उभे वाढून गडगडाट होतो. पावसाळ्यात १५ जुलै ते १५ सप्टेंबर उड्डाणं बंदच असतात. तरीही एप्रिल-मेमध्येच सुट्टी असेल तर सकाळी उतार नुकता तापल्यावरचं पहिलं उड्डाण घ्यायचं, आणि धौलाधारवर ढग वाढायला लागलेले दिसले तर गाडीत चढायच्या आधीच बीरमधून रद्द करायचं. तिथे गाडीचं भाडंही जात नाही.