एएसव्ही देऊनही श्वास का थांबतो?

नेहमी विचारलं जातं, साप चावल्यावर दहा वायल (कुप्या) एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, देऊनही रुग्णाचा श्वास थांबलाच कसा? मण्याराच्या बाबतीत असं होतं. त्याचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. एएसव्ही फक्त रक्तात फिरणारं विष बांधतं, झालेली इजा भरून काढत नाही. ती टोकं नव्याने तयार व्हायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात, तोवर व्हेंटिलेटर हाच उपचार. म्हणून वायलवर वायल ओतण्यात अर्थ नाही. दहा, लागल्यास आणखी दहा, बस्स.

नागाचं वेगळं. तिथे अ‍ॅट्रोपिन ०.६ मि.ग्रॅ. शिरेतून आणि निओस्टिग्मिन १.५ मि.ग्रॅ. स्नायूत (मोठ्यांचा डोस) ही औषधं दिल्यावर अर्ध्या-एक तासात मिटलेल्या पापण्या उचलल्या जाऊ शकतात. मण्यारात सहसा फरक पडत नाही.

विष चढू लागलं की आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, उशीवरून मान उचलत नाही. एका श्वासात आकडे मोजायला लावा. दर खेपेला आकडा घसरत असेल तर श्वासनलिकेत नळी घालायची तयारी करा. ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय म्हणून निर्धास्त राहू नका, त्यावरचा आकडा उशिरा पडतो. वाटेत रुग्ण कुशीवर हवा, नाहीतर लाळ श्वासनलिकेत जाते. रुग्णवाहिकेत अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि ती दाबणारा माणूस हवाच.

आणि हो, बाहुल्या विस्फारलेल्या, हालचाल शून्य, म्हणजे मेंदू मेला असं नव्हे. रुग्ण सगळं ऐकत असू शकतो.