बाभूळ-हिरड्यात बकरीचं कातडं कमावतोय, मधोमध कच्चं राहतंय. मदत हवी आहे

मंडळी, धारावीत माझं बॅगा-पाकिटांचं छोटं वर्कशॉप आहे, राहायला चुनाभट्टीला. माल चेन्नई-कानपूरचा, क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेला, शिवायला उत्तम. पण दीड वर्षापासून डोक्यात किडा वळवळतोय की महिन्याला आठ-दहा कातडी तरी जुन्या पद्धतीने, सालीत कमवावीत. गोवंशाचा विषय २०१५च्या कायद्यानंतर नाहीच, म्हणून बकरी.

आजोबा साताऱ्याकडे हेच करायचे, पुढे धारावीच्या टॅनरीत राबले. आता इथे शिवणकाम उरलंय, कमावणं बाहेर गेलं. त्यांना विचारून घ्यायचं राहिलं. आत्याला बेत सांगितला तर म्हणाली, "ज्या वासातनं भाईर पडाय दोन पिढ्या गेल्या, त्यात पुन्हा हात घालणार व्हय रं तू?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिचं चुकतंय असंही वाटत नाही.

तर काय केलं ते सांगतो. देवनारहून मीठ लावलेली चार कातडी घेतली आणि शहापूरजवळ मित्राच्या शेडमध्ये नेली. रात्रभर पाण्यात, मग सहा दिवस चुन्यात. केस हाताने सुटले, आतलं मांस बोथट सुरीने खरवडलं. भरपूर पाण्याने धुतली आणि थेट बाभळीची साल अन् हिरड्याच्या घट्ट काढ्यात बुडवली. पंधराव्या दिवशी काढली तर रंग असा झकास की फोटो ग्रुपवर टाकूनही मोकळा झालो! मग कडेला ब्लेडने काप घेतला. दोन्ही अंगांना तपकिरी आणि मधोमध पांढरी रेघ, ओल्या खोबऱ्यासारखी. वाळल्यावर पापड. दुमडलं की कडकन आवाज. शिवाय दोन कातड्यांवर शाई सांडल्यासारखे निळे-काळे डाग, ते कुठून आले कळेना.

आणखी किती दिवस ठेवायला हवं होतं? की मुळातच चुकलं?

दुसरं, चुन्याचं पाणी. ते ओढ्यात सोडणार नाही, सध्या दोन ड्रम तसेच झाकून ठेवलेत. टॅनरी प्रदूषण मंडळाच्या लाल श्रेणीत, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत येते हे माहीत आहे, पण महिन्याला आठ कातड्यांनाही संमतीपत्र लागतं का? प्रत्यक्ष केलेल्या कुणी सांगितलं तर बरं. "यूट्यूबवर बघा" नको, तिथे सगळे हरणाचं कातडं घेऊन बसलेत.

प्रतिसाद १:
दिवसांचा प्रश्न नाही दादा, पहिल्याच दिवशी घट्ट काढा दिलात तिथे घोळ झाला. वरचा थर लगेच आवळतो आणि आत जायची वाट बंद होते. सुरुवात जुन्या, वापरून पातळ झालेल्या काढ्याने करायची आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडा थोडा घट्ट करत न्यायचा. पहिले दोन दिवस सारखं हलवत राहा. चुना नुसत्या धुण्याने जात नाही, गव्हाचा कोंडा आंबवून त्या पाण्यात घाला. कापावर फिनॉल्फथॅलिनचा थेंब टाका, गुलाबी झालं तर चुना अजून आत आहे. शेवटी ओलसर असतानाच करंजाचं तेल चोळा, मग पापड होणार नाही.
कोल्हापुरात आमच्याकडे म्हशीचं कातडं पिशवीसारखं शिवून, आत काढा भरून टांगायचे. बकरी पातळ, तिला एवढा खटाटोप नको.
आणि पिंप कसलं होतं? डाग लोखंडाचे दिसतात. साल आणि लोखंड एकत्र आलं की शाईच होते.

मूळ धागाकर्ता:
पिंप लोखंडीच होतं, जुन्या तेलाचं, आतून गंजलेलं. पैसे वाचवायला गेलो! प्लॅस्टिकचं आणतो. उरलेली दोन कातडी पुन्हा पातळ काढ्यात घातली तर सुधारतील, की फेकू?
चुन्याच्या पाण्यावर मात्र कुणी बोललेलं नाही. दोन्ही ड्रम भरत आलेत.