कर्नलमधला प्रोसेसर मांडणीचा दुबार कोड: उपटायचा का राहू द्यायचा?

गोदाकाठ, नांदेड
लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, एक्स८६ (इंटेल-एएमडी घराण्यातला) प्रोसेसर बूटच्या वेळी उभा करणारा कोड म्हणजे नुसतं तण. प्रोसेसरच्या रजिस्टरमधला एकच बिट, म्हणजे एकच स्विच, दोनदा चढवतात, एकच तपासणी जागोजाग. ६४-बिट प्रोसेसरला एफएक्ससेव्ह अन् एसएसई२ ह्या सूचना असतातच, तरी 'आहे का?' विचारायचं. २०१३ च्या लिनक्स ३.८ मध्ये जुन्या ३८६ प्रोसेसरचा आधार काढला, कुणाचं काय अडलं? काढा हेबी.

मांजरा, लातूर
तण म्हणून उपटाल अन् हातात तूर येईल. ती तपासणी ६४-बिट बिल्डमध्ये उरतच नाही; सक्तीच्या फीचरच्या यादीत असल्यानं कंपायलर तिथं सरळ 'हो' धरतो. बिट चढवणं मात्र वेगळं. इनिट (नव्यानं सुरू हो, असा) सिग्नल मिळाला की दुय्यम, म्हणजे पहिल्यानंतर उठणाऱ्या, कोरचा सीआर४ हा सेटिंगचा रजिस्टर शून्य होतो. त्यातला एसएसई चालू करणारा बिट ९ परत चढवला नाही तर त्या कोरवर पहिलीच एसएसई सूचना 'इनव्हॅलिड ऑपकोड' (ही सूचना ओळखत नाही) अशी एरर देते. प्रोग्राम दुसऱ्या कोरवर असेस्तोवर सगळं झ्याक, कोरवर कामं वाटणाऱ्या शेड्युलरनं इकडं हलवला की मेला. असा बग हुडकायला आठवडा जातो.

गोदाकाठ, नांदेड
मग इनिटनंतरची १० मिलिसेकंदांची थांबणी? जुन्या मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशनमधली. ६४ कोर एकामागं एक उठवायचे तर ६३ वेळा, म्हणजे ६३० मिलिसेकंद फुकट. २०१५ मध्ये काढलीच ना?

मांजरा, लातूर
काढली नाही. नव्या इंटेल-एएमडीवर शून्य केली. जुन्यांना १० तशीच ठेवली, वर बूटच्या वेळी बदलायला पॅरामीटर दिला. शिवाय तिथं वेळ वाचत होता. दुबार बिट काढून बूटमध्ये काय वाचणार?

बालाघाट, बीड
थंड बूट, म्हणजे बंद मशीन नीट चालू झालं, एवढ्यावरून पॅच (कोडातला बदल) पाठवू नका. कोर ऑफलाइन करून परत ऑनलाइन करा, एस३ झोपेतून उठवा, केएक्सेकनं मशीन रीस्टार्ट न करता दुसरा कर्नल चढवा. उन्हाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप झाकून ठेवणारे आपल्याकडं कमी नाहीत. एस३ मध्ये रॅम जागी राहते, प्रोसेसरची वीज जाते, रजिस्टर नव्यानं भरावे लागतात. केएक्सेकमध्ये मधी फर्मवेअरच (बायोससारखं) नसतं, मागच्या कर्नलचं उष्टं तसंच पुढं येतं. क्यूईएमयूच्या नकली मशीनवर पास झालं तरी खऱ्या मशीनवर करा. अन् एका कमिटात, म्हणजे नोंदवलेल्या एका बदलात, एकच काढणी, नाहीतर बायसेक्ट करून (बदल निम्मे-निम्मे करत बिघाड शोधून) कमिट सापडंल, ओळ नाही.

गोदाकाठ, नांदेड
चारी वाटा तपासू. पण दुसऱ्यांदा चढवलेला बिट यातल्या कोणत्या वाटेसाठी आहे, ते कोडात वर एका ओळीत का लिहीत नाहीत?

मांजरा, लातूर
ती ओळ लिहिणारा पॅच पाठवा, मी रिव्ह्यू करतो.