पाणीपट्टी ६० वरून १५०: आधी पैसे की आधी गळती?

गोदाकाठ
निफाड तालुक्यातलं आमचं गाव, ४२० नळजोडण्या. ऑक्टोबरच्या सर्वेक्षणात लाल कार्ड मिळालं, म्हणजे गावचं पाणी धोक्याचं. पाणी समितीने पाणीपट्टी महिन्याला ६० ची १५० करायचा ठराव मांडला तर ग्रामसभेत गदारोळ. जुलाब झाले की दवाखान्यात हजार घालवतील, रिचार्ज ३०० चा मारतील, पाण्याला ९० जास्त द्यायचे म्हटलं की जीव जातो. फुकट्यांच्या गावाला घाणच पाणी मिळणार.

पान्हापक्कड
फुकटे म्हणालात म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

अडीच हजार माणसं, माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज १ लाख ३७ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) धरली तर रोज सातशे ग्रॅमही लागत नाही. महिन्याला २१ किलो. ५० रुपये किलो धरा, हजाराच्या आसपास जातात. घरटी अडीच रुपये! पैशाअभावी लाल कार्ड आलं, हे कोणाला सांगताय?

पोतं उघडं, खोलीला ओल, पावडरीतला क्लोरीन ३३ टक्क्यांवरून २० च्या खाली आलेला, आणि कर्मचारी ती कोरडीच टाकीत भिरकावतो. असं येतं लाल कार्ड. बादलीत आधी लगदा करायचा, मग पाणी घालून अर्धा तास निवळू द्यायचं. वरचं निवळ तेवढंच टाकीत ओतायचं, तेही टाकी पाव भरलेली असताना, म्हणजे भरता भरता मिसळतं. खालचा चुना फेकून द्यायचा. टाकी भरल्यावर अर्धा तास व्हॉल्वला हात लावायचा नाही.

मग ओटी टेस्ट, पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते रंगावरून दाखवणारी. टाकीखाली लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि शेवटच्या नळाला काहीच रंग नाही, तर घाण लाईनीत शिरतेय. कोणत्या आळीत, ते एकेक व्हॉल्व बंद करत गेलं की सापडतं. दर वाढवून सापडत नाही.

गोदाकाठ
सापडतं हो. सापडल्यावर? गटारातून नेलेल्या जीआयच्या (लोखंडी पाइपाच्या) जोडण्या गंजून चाळणी झाल्यात, त्या बदलायच्या कोणी? साडेसात एचपीची मोटर आठ तास चालली की ४५ युनिट. महिन्याचे १३५०, सात रुपयांनी साडेनऊ हजार. कर्मचाऱ्याचा पगार वेगळाच. ६० रुपयांनी ४२० घरांचे होतात २५,२००. वसुली ६० टक्के, हातात पंधरा हजार. घ्या, करा खोदाई.

कमान_नको_गटार_हवं
१५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) पैशात ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा होता, त्यातला निम्मा पाण्यासाठीच. तो कुठे जिरला ते आधी ग्रामसभेत वाचून दाखवा. जो तो २०२७ च्या सिंहस्थाच्या गप्पा मारतोय, गावच्या गटारात कोण वाकून बघणार!

व्हॉल्व_उघडा
टिल्लू मोटरीचं, म्हणजे नळाचं पाणी ओढणाऱ्या छोट्या पंपाचं, नाव कोणी घेत नाही, कारण निम्म्यांच्या घरी आहे. घाण आपणहून शिरत नाही, ओढली जाते. थेट नळाला मोटर लावली की लाईनीतला दाब जातो आणि उलटी ओढ बसते. जिथे मुख्य लाईनीला घरची जोडणी बसवतात तिथल्या सॅडलचं (पट्ट्याचं) रबर कुजलंय, फेरूल (जोडणीची तोटी) सैल आहे, तिथून गटार आत. आळीत दहा टिल्लू असल्या तर शेजाऱ्यांनी १५० भरले काय नि ५०० भरले काय. आधी यांच्या जोडण्या तोडा.

शेवटचा_नळ
टाकीखाली राहणाऱ्यालाच हे सुचतं. १२ मीटरची टाकी, पायथ्याशी दाब सव्वा किलोसुद्धा नाही. खालच्या दीडशे घरांनी नळ मोकळे सोडले, कित्येकांना तोटीच नाही, की वरच्या आळीत नळातून नुसती हवा. मोटर काढून काय करू, हंड्यात हवा भरू?

व्हॉल्व_उघडा
मोटर लावा ना! नळ हौदात सोडा, तोंड पाण्याच्या वीतभर वर ठेवा, आणि मोटर हौदातून वर न्या. थेट लावणं ही चोरीच.

शेवटचा_नळ
चोर कोणाला म्हणता? हवा येणाऱ्या नळाखाली हौद कसा भरतो ते दाखवा, मोटर स्वतः काढून तुमच्या दारात आणून ठेवतो.

पान्हापक्कड
शब्द जपून दोघांनी. पण शेवटच्या नळाचं चुकीचं नाही. सगळं गाव एकदम सोडलं की हेच होणार. चार भाग करा, उंच आळीला आधी, तेव्हा बाकीचे व्हॉल्व पूर्ण बंद. आणि त्या वेळेत गावठाणची सिंगल फेज बंद ठेवा. टिल्लू आपोआप गप्प.

पिठाची_गिरणी
आणि गिरणी? पोरांचा अभ्यास? टाकी भरते शेती फीडरवर, थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाणी रात्री दीडला सुटणार असेल तर खुशाल बंद करा.

कोरा_चहा
टिल्लूवरून डोकी फोडून झाली की विहिरीकडे बघा. चारही बाजूंनी कांदा आणि द्राक्षं, युरियाचा पाझर जातो कुठे? नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर टीसीएलने तसूभर कमी होत नाही, उकळलं तर वाढतंच. त्याला रासायनिक तपासणीच लागते, एचटूएसची बाटली, जी पाण्यात जंतू असले की काळी होते, ते दाखवत नाही. बाटलीतून दूध पिणाऱ्या लेकरांच्या घरी हे आधी सांगा.

गोदाकाठ
बरं बाबांनो, फुकटे नाही, काटकसरी. १५० राहू द्या, १०० तर द्याल?

पान्हापक्कड
१०० ला हात वर करतो. पाणीपट्टीचं खातं वेगळं ठेवायचं, आणि जमाखर्चाशेजारी शेवटच्या नळाचा रोजचा ओटीचा आकडा फळ्यावर लिहायचा. ०.२ च्या खाली गेला तर त्या महिन्याला ६०च.

शेवटचा_नळ
फळ्यावर काय, काहीही लिहितील. नमुना घ्यायला येतात, तीन मिनिटं नळ वाहू देतात, मग बाटली भरतात. पहिली गढूळ धार तोवर गटारात गेलेली असते.

व्हॉल्व_उघडा
वाहू देण्याची पद्धतच आहे ती. पण दोन्ही घ्या. पहिल्या धारेची एचटूएसची एक बाटली, तीन मिनिटांनी दुसरी. ४८ तासांत पहिलीच काळी झाली तर बहुधा तुमची जोडणी. दोन्ही झाल्या तर मुख्य लाईन नाहीतर टाकी.

शेवटचा_नळ
बाटल्या समितीने आणायच्या. त्याला तरी दरवाढ नको ना?