बोली जिंकली आणि गडी गायब

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिलावात आजोबांच्या डब्यातल्या सात शिवराया (जुनी तांब्याची नाणी) १४०० ला गेल्या. जिंकणाऱ्याने आधी अंगठ्याचं चित्र पाठवलं, मग खरोखरच अंगठा दाखवला. चार दिवसांनी म्हणतो, "बायको नको म्हणते." काय करू?

उत्तर: दुसऱ्या नंबरच्या बोलीवाल्याला त्याच्याच भावात विचारा. लिलाव पुन्हा लावू नका, लोकांना वाटतं मालातच खोट आहे.

उत्तर: १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ सांगतं, हातोडा पडेपर्यंतच बोली मागे घेता येते. पण चौदाशेसाठी कोर्ट? वकिलाच्या चहापाण्यातच जातील.

प्रश्नकर्ता: दुसऱ्याने १३५० ला घेतल्या, पैसेही आले. आत्ता पहिल्याचा मेसेज: "दादा, आहेत का अजून?"