घरचा राउटर आणि मावशीची धास्ती

मावशी: मंडळी, काल रात्रीपासून वायफाय बंद करून ठेवलंय. आमच्या राउटरमध्ये कुणीतरी शिरलंय. मला मेल आलाय, त्यात माझा पासवर्ड लिहिलाय. म्हणतो, तुझ्या कॅमेऱ्यातून सगळं रेकॉर्ड केलंय, पैसे पाठव, नाहीतर ओळखीच्या सगळ्यांना व्हिडिओ पाठवतो. माझ्या नावाने कुणाला काही आलं तर उघडू नका. टॅबच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलीय.

मामा: अक्का, आधी फोन फॉरमॅट कर. सगळं उडवून टाक. राउटरला मागे बारीक भोक असतं, त्यात पिन खुपसून तोही रिसेट कर.

मी: मामा, थांब. मावशी, आत्ता काहीच उडवू नकोस. त्या मेलला उत्तर नको आणि पैसे तर अजिबात नकोत. आधी एवढंच सांग, मेलमधला तो पासवर्ड तू आत्ता कुठे वापरतेस का? पासवर्ड इथे लिहू नकोस, नुसतं हो की नाही.

मावशी: आता नाही गं. फार जुना आहे. खरेदीच्या एका साइटवर ठेवला होता बहुतेक.

मी: मग ऐक. तो पासवर्ड तुझ्या राउटरमधून गेलेला नाही. मोठ्या साइटींचे ग्राहकांचे तपशील चोरीला जातात आणि त्या याद्या चोरबाजारात फिरत राहतात. २०१८ पासून या याद्या घेऊन असे मेल ढिगाने पाठवले जातायत. मजकूर तोच, फक्त प्रत्येकाचा पत्ता आणि जुना पासवर्ड भरतात. पासवर्ड ओळखीचा दिसला की माणूस हादरतो, त्यांना तेवढंच हवं असतं. खरंच व्हिडिओ असता तर त्याने त्यातलं एखादं चित्र दाखवलं असतं.

मावशी: पण मेल माझ्याच पत्त्यावरून आलाय! पाठवणारी मीच दिसतेय.

मी: पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो, मेलचं तसंच आहे. तुझ्या खात्यातल्या पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये बघ, तिथे हा मेल आहे का?

मावशी: नाही. तिथे नाहीये.

मी: म्हणजे तो तुझ्या खात्यातून गेलेला नाही. ‘हॅव आय बीन पोन्ड’ नावाची साइट आहे, ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली. तिथे नुसता मेलचा पत्ता टाकला की तो कुठल्या कुठल्या चोरीत सापडलाय ते कळतं. ताई, तू आईसाठी बघतेस का?

ताई: बघितलं. चार ठिकाणी आहे आईचा पत्ता. त्यातली एक ती खरेदीचीच साइट. आई, तू काहीही वावगं केलेलं नाहीस. चोरी त्यांच्याकडे झालीय.

मावशी: बरं वाटलं वाचून. पण राउटरचं काय? ह्यांनी अॅपमध्ये बघितलं, ११ उपकरणं जोडलेली दिसतायत. घरात माणसं दोन!

काका: होय, ११. त्यात तीन ठिकाणी ‘एस्प्रेसिफ’ असं काहीतरी लिहिलंय आणि दोन ठिकाणी नुसतं ‘अननोन’. हे एस्प्रेसिफ कोण?

मी: काका, तुमच्याकडे मोबाइलवरून लागणारे दिवे आहेत ना?

काका: दोन बल्ब आणि एक प्लग.

मी: तेच तीन. एस्प्रेसिफ ही चीनमधली चिप बनवणारी कंपनी आहे. असल्या बल्ब-प्लगमध्ये तिची वायफायची चिप असते, आणि राउटर वस्तूचं नाव न देता चिप बनवणाऱ्याचं नाव दाखवतो.

‘अननोन’चंही कारण सांगते. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा ओळखीचा पत्ता, म्हणजे मॅक अॅड्रेस असतो, त्याच्या सुरुवातीच्या भागावरून राउटर कंपनी ओळखतो. पण अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन खरा पत्ता न देता प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनावट पत्ता देतात, म्हणजे आपला माग काढता येऊ नये. त्यामुळे आपलाच फोन परका दिसतो. काका, तुमच्या फोनमध्ये वायफायच्या नावावर टिचकी मारा, तपशिलात मॅक अॅड्रेस दिसेल. त्याची शेवटची चार अक्षरं यादीतल्या ‘अननोन’शी ताडून बघा.

काका: राउटर लावला परत. पहिल्या ‘अननोन’शी जुळली. म्हणजे मीच तो.

ताई: थांबा, मी महिन्याभरापूर्वी आले होते तेव्हा फोन जोडला होता. बाबा, दुसऱ्याची शेवटची चार अक्षरं पाठवा.

ताई: जुळली. दुसरी मी.

मी: छान. बरेच राउटर पूर्वी जोडलेली उपकरणंही यादीत ठेवतात, म्हणून ताई अजून दिसतेय. तरी मावशीला शंका राहायला नको, म्हणून वायफायचा पासवर्ड बदलूया. बदलला की सगळी उपकरणं बाहेर पडतात. मग एकेक जोडायचं, यादीत आलं की त्याला नाव द्यायचं. ‘मावशीचा टॅब’, ‘प्रिंटर’ असं.

काका: कुठे बदलायचा?

मी: राउटर उलटा करा, खाली स्टिकर असेल. त्यावर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता आणि लॉगिनचं नाव-पासवर्ड असेल. तो पत्ता लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये टाका. ‘हे पान सुरक्षित नाही’ असं दाखवेल. या एका पानापुरतं चालेल, कारण ते घरातल्या घरात राउटरकडूनच येतं आणि त्याच्याकडे बाहेरच्या साइटींसारखं प्रमाणपत्र नसतं. हाच इशारा बँकेच्या साइटवर दिसला तर मात्र पुढे जायचं नाही.

काका: आलं पान. दोन्हीकडे ‘अॅडमिन’ टाकलं आणि उघडलं.

मी: काका, आज खरी बदलायची गोष्ट ही आहे. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटर उघडायचा पासवर्ड वेगळा. पहिला सगळे बदलतात, दुसरा कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा व्हायरस पसरला. त्याच्याकडे असे कारखान्यातले साठेक नाव-पासवर्ड होते, बस्स. तेवढ्या यादीवर त्याने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबर २०१६ मध्ये साइटींचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डिन’ या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा ट्विटर-नेटफ्लिक्ससारख्या साइटी काही तास अडल्या होत्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना काही कळलंही नसेल. म्हणून आधी अॅडमिनचा पासवर्ड बदला आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. घरात कागदावर लिहिलेला पासवर्ड वाईट नाही, इंटरनेटवरच्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही.

मग वायफायचा. चार-पाच एकमेकांशी संबंध नसलेले शब्द जोडून लांबलचक करा. लांबी महत्त्वाची, कारण बाहेर उभा राहून कुणी तुमचा फोन राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण टिपली, तर तो ती घरी नेऊन निवांत लाखो पासवर्ड लावून बघू शकतो. लांब असेल तर आयुष्य जाईल त्याचं.

मामा: मी ऐकलंय की वायफायचं नाव लपवून ठेवावं. नाव दिसलंच नाही तर कोण शिरणार?

मी: मामा, त्याचा उपयोग होत नाही. शोधणाऱ्याला ते तरीही दिसतं, आणि उलट आपला फोन बाहेर जाईल तिथे त्या नावाला हाका मारत बसतो. त्यापेक्षा डब्ल्यूपीएस बंद करणं फार मोलाचं. काका, वायफायच्या पानावर दिसेल ते.

काका: आहे. चालू आहे. हे काय असतं?

मी: पासवर्ड न टाकता आठ आकडी पिनने उपकरण जोडायची सोय. आठ आकडे म्हणजे कोट्यवधी शक्यता वाटतात. पण राउटर पहिले चार आकडे बरोबर की चूक ते आधीच सांगून टाकतो, आणि आठवा आकडा आधीच्या सातांवरून हिशेबाने येतो. म्हणजे पहिल्या चारांच्या १०,००० शक्यता आणि पुढच्या तिनांच्या १,०००. एकूण फक्त ११,०००! २०११ च्या डिसेंबरमध्ये हे उघड झालं. पिनची सोय चालू असेल तर तुमचा लांबलचक पासवर्ड कितीही चांगला असो, बाजूने वाट उघडी राहते.

काका: बंद केलं. ‘रिमोट मॅनेजमेंट’ आधीच बंद आहे. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ दिसतंय, डब्ल्यूपीए३ पण आहे.

मी: रिमोट बंद आहे हे उत्तम, म्हणजे बाहेरून कुणाला हे पान उघडतच नव्हतं. डब्ल्यूपीए ही वायफायच्या कुलुपाची पद्धत, २ जुनी आणि ३ नवी. डब्ल्यूपीए३ निवडून बघा, अडलं तर सांगा. मग फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट आहे का बघा. अपडेट चालू असताना वीज मात्र बंद करू नका.

मामा: आणि रिसेट? मी म्हटलं ते?

मी: नको रे. रिसेट केलं की इंटरनेट देणाऱ्या कंपनीने भरून दिलेलं युजरनेमही पुसलं जाऊ शकतं आणि मग नेटच येत नाही. शिवाय अॅडमिनचा पासवर्ड परत ‘अॅडमिन’ होतो. नुसतं बंद करून चालू करणं वेगळं, ते कधीही करावं. २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या व्हायरसने ५४ देशांत ५ लाखांहून जास्त राउटर पकडले, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयनेच लोकांना राउटर बंद-चालू करायला सांगितलं होतं.

मावशी: अगं पण ह्यांनी राउटरच्या नोंदींचं, लॉगचं पान उघडलंय. ‘पोर्ट स्कॅन’, ‘अटॅक’ अशा ओळीच ओळी आहेत. परवाच्या, कालच्या, आत्ताच्यासुद्धा! छातीत धडधडतंय बघून.

मी: मावशी, साहजिक आहे, तो शब्दच तसा आहे. पण हे तुझ्यावर कुणी नेम धरलेला नाही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी आहे. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘झेडमॅप’ नावाचं साधन केलं, ते एका संगणकावरून हे सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत चाचपून येतं. आता असं चाचपणारे असंख्य आहेत. प्रत्येक घरच्या राउटरवर दिवसरात्र टकटक होत असते, माझ्याही. आतून कुणी मागवलेलं नसेल ते राउटर दारातच टाकून देतो आणि टाकून दिल्याची नोंद करतो. तू वाचतेयस त्या बहुतेक अडवल्याच्या नोंदी आहेत.

मावशी: आणि रात्री दिवा लुकलुकतो ते? आम्ही झोपलेले असतो.

मी: फोन फोटोंचा बॅकअप घेतो, टीव्ही अपडेट घेतो, बल्ब आपल्या सर्व्हरला ‘आहे मी’ सांगत राहतात. दिवा शांत राहिला तर मला जास्त आश्चर्य वाटेल.

ताई: बँकेचं विचारते. राउटर समजा खरंच कुणाच्या हातात गेला असता, तर आईचे बँकेचे पासवर्ड दिसले असते का?

मी: थेट नाही. बँकेचं अॅप किंवा साइट आणि फोन यांच्यातलं सगळं कूटबद्ध असतं, राउटरला कुठल्या साइटशी बोलताय एवढं कळू शकतं, काय बोलताय ते नाही. वाईट राउटर एक करू शकतो, डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय, ती बदलून खोट्या साइटकडे वळवू शकतो. ‘डीएनएसचेंजर’ टोळीने तेच केलं होतं, २०११ मध्ये पकडली. असं वळवलं की ब्राउझर तो ‘हे पान सुरक्षित नाही’चा इशारा देतो. काका, डीएनएसच्या रकान्यात काय आहे?

काका: ‘ऑटोमॅटिक’.

मी: मग ठीक आहे.

मावशी: एक सांगू का? सकाळी एक फोन आला होता. म्हणाला, इंटरनेट कंपनीतून बोलतोय, तुमचा राउटर हॅक झालाय, एक अॅप टाका, मी इथून साफ करून देतो. मी म्हटलं हे घरी नाहीत. संध्याकाळी परत करतो म्हणाला.

मी: मावशी, अॅप टाकलंस का?

मावशी: नाही गं. खरंच नाही.

मी: फार चांगलं केलंस. आजच्या सगळ्यात मला काळजी वाटावी अशी गोष्ट ही एकच. त्या अॅपने त्याला तुझा स्क्रीन दिसला असता, ओटीपी येताना दिसला असता, आणि मग वर सांगितलेलं एकही कुलूप कामाला आलं नसतं, कारण दार तूच उघडलेलं असतं. राउटर कितीही पक्का असला तरी अशा फोनपुढे त्याचा उपाय नाही. परत आला तर बोलत बसू नकोस, वाद घालू नकोस, कट कर. खात्री करायची असेल तर बिलावरचा नंबर बघून आपण फोन करायचा.

मामा: अक्का, मलाही असाच आला होता गेल्या आठवड्यात. बँकेच्या नावाने. मी ग्रुपवर सांगायला हवं होतं.

ताई: यापुढे कुणालाही असा फोन आला की इथे टाका. आई, तुझ्या मेलचा पासवर्ड आज बदलू आणि टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, चालू करू. मेल ज्याच्या हातात, त्याला बाकी सगळे पासवर्ड बदलून घेता येतात. मी रात्री व्हिडिओ कॉल करते.

काका: फर्मवेअर झालं. दोन फोन, लॅपटॉप, टॅब, टीव्ही जोडले. प्रिंटर आणि बल्ब काही केल्या येत नाहीत.

मी: जुन्या वस्तूंना डब्ल्यूपीए३ झेपत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिळून असा पर्याय असेल तो घ्या. आणि बल्ब जोडताना फोन २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, ५ गिगाहर्ट्झ बल्बना कळत नाही. जमलं तर बल्ब आणि प्लग गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर टाका. असल्या स्वस्त वस्तूंचे अपडेट क्वचितच येतात, त्या वेगळ्या राहिलेल्या बऱ्या.

काका: आले सगळे. प्रिंटर मुख्य नेटवर्कवर, बल्ब-प्लग गेस्टवर.

मावशी: मी यादी बघितली स्वतः. नऊ नावं आहेत, नऊही मी ओळखते. ताईचा फोन आता नाही, आणि ड्रॉवरमधल्या माझ्या जुन्या फोनचं नाव होतं तेही गेलं. तो मेल आता उडवू का?

मी: आधी स्पॅम म्हणून नोंदव, मग उडव.

मावशी: केलं. आणि आत्ताच तो फोन आला होता. ‘नको’ म्हटलं आणि कट केला. नंबर खाली टाकतेय, सगळ्यांनी ब्लॉक करा.