युद्ध, सरकार आणि प्रश्न विचारणारे आपण : तुमचे अनुभव लिहा

डोंबिवलीकर (धागाकर्ती)

मंडळी, २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरन पठारावर २६ जण मारले गेले. त्यांत महाराष्ट्राचे सहा होते, आणि सहांतले तिघे आमच्या डोंबिवलीचे. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत शोकसभा झाली. एका आजींनी विचारलं, "एवढी माणसं रोज तिथे वर जात होती, मग बंदोबस्त कसा नव्हता?" शेजारच्या गृहस्थांनी त्यांना तिथेच अडवलं. "काकू, ही वेळ सरकारला बोलायची नाही. अशानं शत्रूचं फावतं." आजी गप्प बसल्या.

पुढे ७ मे ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, १० मे ला शस्त्रसंधी झाली, सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले, मीही ठेवला. पण आजींचा प्रश्न तसाच राहिला. तो विचारायची वेळ नेमकी कधी येते, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून हा धागा. लढाईबद्दल, तिच्या तयारीबद्दल, निर्णयाबद्दल सरकारला बोललात म्हणून तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला 'देशद्रोही' ऐकावं लागलंय का? स्वतःचा किंवा घरचा अनुभव लिहा. पक्षांची भांडणं इथे नकोत. फौजेतल्यांनी सध्याच्या युनिटचा, हालचालींचा तपशील कृपया टाकू नये. माझं मत आधीच सांगते. देश सरकारपेक्षा मोठा आहे. युद्धाचा निर्णय सरकार घेतं, तेव्हा त्याचा जाबही सरकारलाच विचारायला हवा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर जरूर लिहावं.

माणदेशी लेक

माझे वडील महार रेजिमेंटमध्ये हवालदार होते. १९८७ मध्ये भारताने पाठवलेल्या शांतिसेनेतून श्रीलंकेत गेले. आमच्या माण-खटाव भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे जाण्याचं कुणाला नवल नव्हतं. आईला एवढंच ठाऊक होतं की तिकडे तमिळ लोकांवर अन्याय होतोय, राजीव गांधींनी २९ जुलैला कोलंबोत करार केलाय आणि आपली माणसं शांतता राखायला चाललीत. ऑक्टोबरात चित्र पालटलं. ज्या तमिळ वाघांकडून, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांकडून, शस्त्रं जमा करून घ्यायची होती, त्यांच्याशीच जाफन्यात लढाई जुंपली. विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकडीतला एकच जवान जिवंत राहिला. नोव्हेंबरात वडिलांच्याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. ते मुंबईत जन्मलेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

वडिलांची पत्रं ५६ एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या, पत्त्यावरून यायची. पत्रात सगळं ठीक असायचं. "इथे नारळ फार आहेत, हवा कोकणासारखी आहे." परत आले ते डाव्या पायात सुरुंगाचे छर्रे घेऊन. थंडीत अजून लंगडतात. त्यांची काळी ट्रंक आमच्या ओसरीत आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव, नंबर लिहिलेला. त्यातला नंबर आई दर दिवाळीला पुसट दिसला की पुन्हा गिरवते.

निवृत्तीनंतर एका २६ जानेवारीला गावच्या शाळेत झेंडावंदनाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. पोरांनी विचारलं, आजोबा, लढाईचं सांगा. त्यांनी सांगितलं. म्हणाले, "आम्हाला तिथं कशासाठी पाठवलं हे आमच्या सायबांनापण नीट सांगता येत नव्हतं. ज्यांना वाचवायला गेलो ती माणसं आमच्याकडं बघून दारं लावून घ्यायची. बाराशेच्या आसपास पोरं गेली आमची. पाठवणाऱ्यांनी अजून हिशेब दिलेला नाही."

भाषण संपल्यावर गावातल्या एका बड्या माणसाने सगळ्यांसमोर सुनावलं. "फौजी माणसाच्या तोंडी हे शोभत नाही. सरकारचं मीठ खाल्लंय तुम्ही. अशानं पोरं भरतीला जायची थांबतील." वडील तेव्हा काही बोलले नाहीत. घरी येऊन मात्र म्हणाले, "मीठ सरकारचं न्हवं, देशाचं खाल्लं. आणि पोरांना भरतीला मीच पळवतो रोज पहाटे." ते खरंच होतं. गावाच्या माळावर सोळाशे मीटरचं अंतर त्यांनी स्वतः मोजून चुना टाकला होता, आणि त्यांच्या हाताखालची कितीतरी पोरं आज फौजेत आहेत. त्या पोरांना कुठे आणि कशासाठी पाठवलं जाईल, हे विचारायचा हक्क त्या पुढाऱ्यापेक्षा त्यांना जास्त आहे असं मला वाटतं.

आणखी एक सांगायचंय, कारण हेही त्याच विषयातलं आहे. मार्च १९९० मध्ये शांतिसेनेची शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली तेव्हा तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांचा त्या लष्करी मोहिमेला विरोध होता आणि तो विरोध चुकीचा होता असं वडील कधीही म्हणाले नाहीत. पण ती गोष्ट त्यांना आजही लागते. "राग दिल्लीवर होता, तोंड आमच्याकडून फिरवलं." निर्णयावर टीका करणाऱ्यांनी एवढं भान ठेवलं तर आमच्यासारखी घरं त्यांच्या बाजूने उभी राहतील. शांतिसेनेच्या जवानांचं स्मारक कोलंबोजवळ, त्यांच्या संसदेच्या परिसरात, २००८ पासून आहे. आपल्याकडे दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक झालं ते २०१९ मध्ये. वडिलांना तिथे नेलं होतं. नावं वाचत ते बराच वेळ उभे होते, आणि बाहेर आल्यावर पहिलं काय बोलले तर, "आता ह्यांना कुणी पाठवलं तेपण लिवा म्हणावं."

पुणे ३०

६२ साली मी शाळेत होतो. २० ऑक्टोबरला चिनी आत घुसले. आमच्या घरी त्या दिवाळीत फराळ झाला नाही. आईने राष्ट्रीय संरक्षण निधीला हातातली एक पाटली काढून दिली. एकच का, तर दुसरी बहिणीच्या लग्नासाठी ठेवायला आजीने लावली. वडील त्याच आठवड्यात मित्रांबरोबर बसून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या राजीनाम्याची मागणी करणारी पत्रं वर्तमानपत्रांना लिहीत होते. जवान हिमालयात कापडी बूट आणि जुन्या रायफली घेऊन लढताहेत, याचा त्यांना संताप होता. आई-वडिलांपैकी एकाचं देशप्रेम खरं आणि दुसऱ्याचं खोटं, असं आमच्या वाड्यात कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

आणि हे फक्त आमच्या घरात नव्हतं. तरुण वाजपेयी तेव्हा राज्यसभेत होते. लढाई चालू असतानाच संसदेचं अधिवेशन बोलवा अशी मागणी त्यांनी केली, आणि नेहरूंनी ती मान्य केली. ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातून गेले, दुसऱ्या दिवशी संसद बसली, आणि सभागृहात स्वपक्षीयांनीसुद्धा सरकारचे वाभाडे काढले. शत्रू तेव्हा आपल्या भूमीवर होता! त्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि सैन्याच्या उभारणीचं काम सुरू झालं. टीका झाली नसती तर मेनन राहिले असते, असं मी आजही ठामपणे म्हणतो.

दुसरी बाजूही नेहरूंच्याच सरकारची. पराभवाची चौकशी ले. जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली. १९६३ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर किती पक्षांची सरकारं आली आणि गेली, सरकारने तो अहवाल अजून जनतेसमोर ठेवलेला नाही. वडील तो वाचायची वाट बघत गेले.

तोफखाना

माजी सैनिक. १९९९ ला द्रासमध्ये होतो. धाग्याचा सूर बघून थोडं वेगळं लिहितो.

लढाई चालू असताना टीव्हीवर बसून कुठली टेकडी आज घेणार याच्या गप्पा मारणं मला आजही गुन्हा वाटतो. त्याने माणसं मरतात. पण तो टीकेचा प्रश्न नाही, तोंड सांभाळण्याचा आहे, आणि तो गुन्हा सगळ्यात जास्त देशभक्तीचा गजर करणाऱ्या चॅनेलवाल्यांनी केलेला मी पाहिलाय.

आता बोफोर्स. १९८६ मध्ये ४१० तोफांचा करार झाला, पुढच्या वर्षी लाचखोरीचं प्रकरण बाहेर आलं. ते बाहेर काढणाऱ्या पत्रकारांना मी कधी दोष देणार नाही. पण त्यानंतर आलेल्या सगळ्या सरकारांनी भीतीपोटी तोफखरेदीच गोठवली. नवी हॉवित्झर तोफ फौजेच्या हातात पडायला २०१७-१८ उजाडलं. कारगिलमध्ये आम्ही त्याच बदनाम तोफांच्या जोरावर लढलो. थेट डोंगरावर नळी रोखून मारा करायचा, बॅरल इतकं तापायचं की हातमोज्यातूनही चटका बसायचा. तेव्हा टीका करणाऱ्यांना एक विनंती. दलालाला पकडा, मंत्र्याला जाब विचारा, पण तुमच्या ओरडण्याचा परिणाम जवानाच्या हातातल्या हत्यारावर होतो का, याकडेही लक्ष असू द्या.

आणि कारगिलमध्ये ५२७ जण गेल्यावर के. सुब्रह्मण्यम समिती नेमली, तिने गुप्तवार्ता यंत्रणेच्या चुका लेखी दाखवल्या, अहवाल संसदेत आला. काही भाग गाळला, ते मला मान्य आहे. त्या अहवालावर पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या. पुणे ३० काका, ६२ च्या तुलनेत एवढी तरी प्रगती झाली म्हणायची.

करवीरवासी

मी शिक्षिका आहे, त्यामुळे आमच्या जिल्ह्यातली एक गोष्ट आमच्या स्टाफरूममध्ये फार चर्चिली गेली. इथल्या एका महाविद्यालयातल्या काश्मिरी प्राध्यापकाने ५ ऑगस्ट हा काळा दिवस असल्याचं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. गुन्हा दाखल झाला. तो रद्द करायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने गुन्हा रद्द केला. ३७० कलम हटवण्यावर टीका करायचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, आणि पोलिसांनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायची वेळ आली आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

मला ते स्टेटस आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. पण निकाल लागेपर्यंतच्या काळात आमच्या शाळेत काय झालं ते सांगते. नववीच्या वर्गात वादविवाद स्पर्धेसाठी 'युद्ध हा उपाय आहे का' हा विषय ठरला होता, तो बदलून 'मोबाइल शाप की वरदान' ठेवला गेला. वरून कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीच घाबरलो. एका माणसावर गुन्हा झाला की शंभर जण आपापलं तोंड शिवून घेतात, ते असं.

कायद्यात हे नवीन नाही. केदारनाथ सिंग खटल्यात घटनापीठाने १९६२ मध्येच सांगितलं होतं की सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका केली, तरी हिंसेला चिथावणी नसेल तर तो राजद्रोह नव्हे. पण कोर्टातून सुटेपर्यंत माणसाची नोकरी, घर, इज्जत सगळं पणाला लागतं.

अश्दोदहून

शालोम आणि नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, माझं माहेर रेवदंड्याकडचं. लग्न करून इथे इस्रायलला आले. माझं मराठी जुनं आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे मुलगा आणि मुलगी दोघांनाही फौजेत जावं लागतं, म्हणून हा विषय दर घरात आहे. ४ फेब्रुवारी १९९७ ला लेबनॉनला जवान नेणारी दोन हेलिकॉप्टरं आपसात धडकली, ७३ मुलं गेली. माझा थोरला तेव्हा उत्तरेत ड्युटीवर होता. संध्याकाळपासून फोन लागत नव्हता. नवरा रेडिओजवळून उठला नाही. पहाटे पोराचा फोन आला. "आई, मी आहे." मी रडले, आणि मग शरम वाटली, कारण ७३ घरांत तो फोन आला नव्हता.

त्यानंतर जवानांच्याच चार आयांनी रस्त्यावर उभं राहून विचारायला सुरुवात केली की आमची मुलं लेबनॉनमध्ये का मरताहेत. 'चार माता' असं त्या चळवळीला नाव पडलं. बायकांना लढाईतलं काय कळतं, तुम्ही जवानांचा धीर खचवता, असं त्यांना खूप ऐकवलं. माझी जाऊ पण बोलायची. मी चौकात फलक घेऊन उभी राहिले तेव्हा एका टॅक्सीवाल्याने काच खाली करून हिझबुल्लाची, म्हणजे लेबनॉनमधल्या शत्रूची, बाई म्हणून शिवी दिली. माझ्या पर्समध्ये पोराचा युनिफॉर्ममधला फोटो होता. मे २००० मध्ये फौज परत आली.

गाझाच्या युद्धात ओलिसांचे नातेवाईक दर शनिवारी रात्री तेल अवीवमध्ये जमून सरकारला जाब विचारायचे. त्यांनाही लोक बोलले, पण त्यांचं दुःख बघून बहुतेक जण गप्प राहायचे. गाझात मेलेल्या मुलांबद्दल कुणी बोललं की मात्र घरातली माणसंसुद्धा उठून जातात. मी बोलते. मला दोन्हीकडची मुलं दिसतात. इथे हे लिहिते आहे कारण मराठीत रागवायला अजून सोपं जातं.

ओकलंडहून

थोडक्यात. मी अमेरिकेत ज्या मतदारसंघात राहतो तिथल्या तेव्हाच्या खासदार बार्बरा ली यांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, राष्ट्राध्यक्षांना युद्धाचे मोकळे अधिकार देण्याच्या ठरावाविरुद्ध मत दिलं. ४२० विरुद्ध १. त्यांना ठार मारायच्या धमक्या आल्या. मी तेव्हा व्हिसावर होतो. दाढी आणि सावळा रंग यामुळे त्या दिवसांत माझ्या गाडीवर मीही मोठा अमेरिकन झेंडा लावला होता, प्रेमाने नाही, भीतीने. माझ्या मराठी मित्रांतही 'बाईंना देशाची लाज नाही' म्हणणारे होते. पण मतदारांनी त्यांना पुढच्याच वर्षी पुन्हा निवडून दिलं आणि नंतरही देत राहिले. त्या ठरावाच्या आधाराने पुढे वीस वर्षं अफगाणिस्तानात लढाई चालली.

माणदेशी लेक

अश्दोदच्या मावशी, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. तिने फक्त विचारलं, थोरला आता कसा आहे?

तोफखाना दादा, तुमचं तोफांचं म्हणणं वडिलांना पूर्ण पटलं. पण समितीबद्दल ते म्हणाले, कारगिलला समिती मिळाली, आम्हाला ती पण नाही. शांतिसेना का पाठवली, कुणाच्या भरवशावर पाठवली, याची उघड चौकशी व्हावी अशी त्यांची मागणी आहे, आणि ती लेखी द्यायला ते तयार आहेत. इथे कुणाला संसदेत याचिका कशी देतात ते माहीत असेल तर कृपया सांगा. खासदारामार्फत द्यावी लागते एवढंच ऐकलंय.

डोंबिवलीकर (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. याचिकेबद्दल जाणकारांनी जरूर लिहा, मीही चौकशी करते.

एक बाजू अजून आलेली नाही. ज्यांनी कुणाला अडवलं, 'आत्ता नको' म्हणून गप्प केलं, त्यांच्यापैकी कुणी लिहील का? आमच्या शोकसभेतले ते गृहस्थ वाईट नाहीत. त्यांचा भाचा सीमेवर आहे, हे मला नंतर समजलं. तेव्हा काय वाटत होतं, कशाची भीती होती, ते तुमच्याकडूनच ऐकायचं आहे.